टर्कीच्या शिकारीचे नियम असे का? सगळं खुडूक मादीभोवती फिरतं

मागच्या थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे इथल्या टर्की खायच्या सणाच्या, आधी मी फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला, न्यू जर्सीत आमच्या गल्लीत ११ जंगली टर्की एकामागे एक रस्ता ओलांडतायत आणि ४ गाड्या हॉर्न न वाजवता थांबल्यात. लगेच पुण्याहून भाच्याचा प्रश्न, "मामा, तिकडे तर यांची शिकार चालते ना, मग हे इतके बिनधास्त कसे, आणि एवढे उरले तरी कसे?" प्रश्न इतका नेमका होता की दोन ओळींत उत्तर देववेना, म्हणून हे सविस्तर लिहितोय. आणि इथे राहणाऱ्या आपल्या बऱ्याच लोकांनाही माहीत नसतं की आज अंगणात येऊन दाणे टिपणारा हा पक्षी ५० वर्षांपूर्वी या राज्यात जवळजवळ नव्हताच.

भारतात वाढलेल्या माणसाला हे पटकन पचत नाही, कारण आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार म्हणजे गुन्हा, विषय संपला. अमेरिकेतल्या टर्कीच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी एकदम खऱ्या आहेत, शिकारीनेच हा पक्षी संपत आणला होता, आणि तो परत आणायला पैसा आणि माणसं मुख्यतः शिकाऱ्यांकडूनच आली. फरक कशाने पडला तर नियमांनी, आणि हे नियम ऑफिसात बसून मनाला येईल तसे केलेले नाहीत, पक्ष्याचं वर्षभराचं वेळापत्रक बघून केलेत. ते वेळापत्रक कळलं की कायद्याचं पुस्तक आपोआप कळतं.

आधी पक्षी. थँक्सगिव्हिंगच्या टेबलावरची जाडजूड पांढरी टर्की आणि जंगलातली टर्की, जात एकच, पण टेबलावरची मेक्सिकोत हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलेल्या टर्कीची वंशज, तिथून स्पॅनिश लोकांनी ती युरोपात नेली आणि युरोपातून येणाऱ्या वसाहतवाल्यांबरोबर ती परत अमेरिकेत आली. जंगली टर्की एकदम वेगळ्या अंगाची, मोठा नर ८ ते १० किलोपर्यंत, मादी त्याच्या निम्मी, दिवसभर जमिनीवर चरणार पण रात्री झाडावर चढून झोपणार, आणि वेळ आली तर चांगलं उडते, लोकांना वाटतं उडत नाही पण ते फार्मवरच्या टर्कीचं. नराचं डोकं टक्कल असलेलं आणि रंग बदलणारं, लाल, पांढरं, निळं, छातीवर घोड्याच्या केसांसारखा एक झुबका लोंबतो त्याला इथे दाढीच म्हणतात, आणि मोराने पिसारा फुलवावा तसा हा शेपटी फुलवून मादीपुढे मिरवतो.

मोराची आठवण जहांगीर बादशहालाही झाली होती. १६१२ साली त्याचा माणूस मुकर्रबखान गोव्याहून पोर्तुगीजांकडून ज्या नवलाच्या गोष्टी घेऊन गेला त्यात एक टर्की होती, आणि बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की हा पक्षी मोरासारखा पिसारा फुलवून नाचतो आणि याच्या डोक्यामानेचा रंग सरड्यासारखा बदलतो. उस्ताद मन्सूरने काढलेलं तिचं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, नक्की शोधून बघा, त्यातलं डोक्याचं काम थक्क करणारं आहे. म्हणजे न्यू जर्सीतली टर्की संपण्याच्या कितीतरी आधी गोव्यात टर्की पोचली होती.

आता संपली कशी ते. युरोपियन लोक आले तेव्हा या खंडात टर्की किती होत्या याचा अंदाज साधारण १ कोटीच्या घरात सांगतात. मग शेतीसाठी पूर्वेकडची जंगलं साफ झाली, जी उरली त्यातून लाकूड आणि कोळसा निघाला, आणि बाजारासाठी शिकार करणारे लोक वर्षभर, नर मादी न बघता, झाडावर झोपलेल्या थव्यांवर रात्रीसुद्धा गोळ्या झाडायचे आणि गाडाभर पक्षी शहरात विकायचे, कोणताही सीझन नाही, कोणतीही मर्यादा नाही. कनेक्टिकटमधून १८१३ पर्यंत टर्की गेली, मॅसॅच्युसेट्समधली शेवटची १८५१ च्या सुमारास माउंट टॉमवर मारली गेली, विस्कॉन्सिनमध्ये १८८१ नंतर दिसली नाही. त्यात १९०४ साली चेस्टनटच्या झाडांवरचा बुरशीचा रोग न्यूयॉर्कमध्ये सापडला आणि पुढच्या काही दशकांत अब्जावधी झाडं मेली, म्हणजे टर्कीचं हिवाळ्यातलं धान्याचं कोठारच रिकामं झालं. १९३० च्या दशकात किती उरल्या यावर आकडे जुळत नाहीत, कुणी ३० हजार म्हणतं, कुणी २ लाख, पण १ कोटीपुढे दोन्ही सारखेच वाईट.

इथून कायदे सुरू होतात. पहिला धक्का १९०० चा लेसी कायदा, एका राज्यात बेकायदा मारलेला प्राणी दुसऱ्या राज्यात नेऊन विकला तर तो केंद्राचा गुन्हा, त्याने बाजारी शिकारीचं कंबरडं मोडलं. पण खरा खांब म्हणजे १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. बंदुका आणि काडतुसांवर १० ते ११ टक्के कर, तो कारखानदाराकडूनच वसूल होतो, पुढे त्यात धनुष्यबाणाचं सामानही आलं. हा पैसा केंद्राच्या तिजोरीत बाकीच्या करांत मिसळत नाही, तो वन्यजीव खात्यामार्फत राज्यांना जातो, राज्याने आपला १ डॉलर घातला की केंद्राकडून ३ मिळतात. किती मिळणार ते राज्याचं क्षेत्रफळ आणि तिथले लायसन्सधारक शिकारी किती यावर ठरतं. आणि सगळ्यात हुशारीची अट अशी की शिकारीच्या लायसन्सचा पैसा राज्याने रस्त्याला, शाळेला किंवा निवडणुकीआधीच्या घोषणेला वळवला तर हा निधी बंद. या एका अटीमुळे राज्यांकडे ८० हून जास्त वर्षं जीवशास्त्रज्ञ नोकरीला ठेवायला खात्रीचा पैसा आहे, अलीकडे काही वर्षी ही रक्कम १ अब्ज डॉलरच्या वर गेली. मला यातला एक भाग खटकतो तोही सांगतो, पैसा बंदुकीच्या विक्रीवर अवलंबून असला की ज्याची कुणी शिकार करत नाही अशा बेडकाकडे किंवा चिमणीएवढ्या पक्ष्याकडे कमी लक्ष जातं, आणि बंदूक विक्री वाढली म्हणून वन्यजीवांचं बजेट वाढलं हे ऐकायलाही बरं वाटत नाही. पण टर्की वाचली ती या पैशाने, हे नाकारता येत नाही.

आणखी एक मूळ मुद्दा म्हणजे टर्की कुणाची. माझ्या अंगणात आली तर माझी का? नाही. इथला कायदा मानतो की जंगली प्राणी सगळ्या जनतेचे आणि राज्य सरकार त्यांचा विश्वस्त. या विचाराची एक मोठी केस न्यू जर्सीतल्या आपल्या एडिसन गावाच्या जवळची आहे, रॅरिटन नदी जिथे खाडीला मिळते तिथल्या कालवांवरून भांडण झालं, एकजण म्हणे पाण्याखालची जमीन माझी म्हणून कालवंही माझी, आणि १८४२ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नाही, ही सगळ्यांसाठी राज्याच्या ताब्यात आहे. टर्की स्थलांतर करत नाही, हिवाळ्यात दक्षिणेला जात नाही, त्यामुळे तिचे नियम राज्य करतं, उलट बदकं आणि हंस सीमा ओलांडतात म्हणून त्यांची चौकट केंद्र ठरवतं. त्यामुळे "अमेरिकेत टर्कीच्या शिकारीचा नियम काय" या प्रश्नाला एक उत्तर नाही, दर राज्याचं वेगळं, आणि ते दरवर्षी बदलू शकतं.

पैसा आला, पण टर्की आणायची कुठून? पहिली काही दशकं सगळ्यांनी सोपा रस्ता धरला, फार्मवर अंडी उबवा, पिल्लं मोठी करा आणि जंगलात सोडा. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्याने त्यासाठी सरकारी फार्मच चालवला. हजारोंनी पक्षी सोडले आणि बहुतेक मेले. कारण साधं आहे, ज्यांच्या गावी कोंबड्या होत्या त्यांना लगेच पटेल, कोंबडी पिल्लांना घेऊन फिरते तेव्हा ती फक्त ऊब देत नाही, ती शिकवत असते, घार आली की कसला आवाज, तो आवाज आला की कुठे दडायचं, काय टिपायचं, रात्री कुठे चढायचं. इनक्युबेटरमधून आलेल्या पिल्लाला हे कुणी शिकवलेलंच नाही, त्यात ते माणसाच्या हातचं खाऊन वाढलेलं, त्याला कोल्हा म्हणजे काय हेच माहीत नाही.

मग जंगलातलीच टर्की पकडून दुसऱ्या जंगलात सोडायची असं ठरलं, पण तिची नजर इतकी तीक्ष्ण की पिंजऱ्याजवळ फिरकेना. इथे कामाला आलं तोफजाळं. मुळात हंस आणि बदकं पकडायला केलेलं साधन, जमिनीवर लांबलचक जाळं घडी घालून लपवायचं, पुढे मक्याचे दाणे टाकायचे, थवा खाण्यात गुंतला की बार उडवायचा आणि जाळं डोक्यावरून जाऊन सगळा थवा एकदम आत. १९५१ साली साउथ कॅरोलायनाच्या फ्रान्सिस मॅरियन जंगलात डफ हॉलब्रूक या जीवशास्त्रज्ञाने याच पद्धतीने जंगली टर्की पकडल्या आणि सगळं चित्र पालटलं. राज्यांमध्ये चक्क देवाणघेवाण सुरू झाली. विस्कॉन्सिनने मिझुरीला ग्राउस नावाचे तित्तिरासारखे पक्षी दिले आणि बदल्यात टर्की घेतल्या, १९७६ मध्ये व्हर्नन काउंटीत पहिल्या २९ सोडल्या. मॅसॅच्युसेट्सला १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्कमधून ३७ मिळाल्या, व्हरमाँटला त्याच्याही आधी ३१. आणि आमच्या न्यू जर्सीला १९७७ साली फक्त २२. बावीस! त्यांची पिल्लं वाढली, मग राज्यातल्या राज्यात पकडून पुढे पुढे सोडत गेले, १९८१ ला वसंतातली पहिली शिकार उघडली, आणि आज राज्यात २० हजारांच्या वर टर्की आहेत. दक्षिण जर्सीत जम बसायला जास्त वेळ लागला, तिथे नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुन्हा जोर लावावा लागला. माझ्या व्हिडिओतल्या त्या ११ जणी बहुधा त्याच लोकांच्या हातून सुटलेल्या पक्ष्यांच्या नाती-पणत्या, आणि मला हे आठवलं की त्यांच्यासाठी गाडी थांबवायला काही वाटत नाही.

आता नियमांचा गाभा. आमच्या ऑफिसातला एकजण दर एप्रिलच्या शेवटी सुट्टी टाकतो, पहाटे ४ ला जंगलात जाऊन झाडाला टेकून बसतो आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परत येतो. मी त्याला विचारलं की बाकी जगात तर वीणीच्या हंगामात शिकार बंद असते, तुमच्याकडे नेमकी तेव्हाच कशी चालू? त्याने एका वाक्यात सांगितलं, "कारण तेव्हा मादी घरट्यावर असते." हे वाक्य नीट उलगडू या.

मार्चच्या आसपास हिवाळ्यातले मोठे थवे फुटतात, नर ओरडायला लागतात, तो प्रसिद्ध गॉबल-गॉबल आवाज. एक नर अनेक माद्यांशी जुगतो आणि नंतर संसारात त्याचा काडीचाही वाटा नाही, घरटं, अंडी, पिल्लं सगळं मादीवर. मादी जमिनीवरच पाचोळ्यात खड्डा करून साधारण १० ते १२ अंडी घालते, दिवसाला एक या हिशोबाने, म्हणजे दोन आठवडे, आणि सगळी घालून झाली की मगच खुडूक बसते, म्हणजे अंडी उबवायला, पुढे २८ दिवस. एकदा नराशी जुगल्यावर कित्येक आठवडे तिची अंडी फलित होत राहतात, त्यामुळे ती खुडूक बसेपर्यंत नराचं काम जवळपास संपलेलं असतं. आणि माद्या घरट्यावर गेल्या की नर एकटे पडतात आणि पुन्हा जोरात ओरडायला लागतात. म्हणून वसंतातला सीझन शक्यतो या वेळेला धरायचा, नर आवाजाला ओ देतो म्हणून शिकाऱ्याला संधी, आणि मादी झुडपात दडलेली म्हणून चुकून तिला गोळी लागण्याची शक्यता कमी. नर काही कमी झाले तरी उरलेले पुरतात, मादी गेली तर अख्खा संसार गेला. वसंतात फक्त नर, हा नियम इथून आला.

याच्यावर बाकीचे नियम रचले जातात. न्यूयॉर्कचं उदाहरण घ्या, सीझन १ ते ३१ मे, सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून दुपारी १२ पर्यंतच, अख्ख्या सीझनमध्ये २ पक्षी आणि एका दिवसात १. दुपारी बंद का, तर मादी दिवसातून थोडा वेळ घरट्यावरून उठून खायला जाते, तेव्हा जंगलात माणसांची वर्दळ नको. तिथला शब्दही बघा, कायदा "नर" म्हणत नाही, "दाढीवाला पक्षी" म्हणतो, कारण पहाटेच्या अंधुक उजेडात लांबून ओळखायची खूण म्हणजे दाढी, आणि थोड्या माद्यांनाही दाढी येते, अशी मादी मारली गेली तर शिकाऱ्याला गुन्हेगार ठरवायचं नाही. बरेच शिकारी दाढीवाली मादी दिसली तरी बंदूक खाली करतात, कायद्याने सूट असूनही, आणि मला ते बरोबर वाटतं.

न्यू जर्सी छोटं आणि दाटीचं राज्य, म्हणून इथे राज्याचे भाग पाडलेत, सीझनचे आठवड्याचे तुकडे पाडलेत, आणि कोणत्या भागात कोणत्या आठवड्यात किती जणांना परमिट द्यायचं ते ठरवून लॉटरी काढतात. आपल्याकडे म्हाडाची लॉटरी असते तसंच समजा, अर्ज करा आणि वाट बघा. यामुळे एका जंगलात एकाच सकाळी शंभर बंदुका जमत नाहीत, आणि एखाद्या भागात पिल्लं कमी झाली तर तिथली परमिटं कमी करता येतात. लायसन्स काढायच्या आधी शिकारीचा सुरक्षा कोर्स, मारलेला पक्षी ठरलेल्या वेळेत फोनवर किंवा ऑनलाइन नोंदवणं, हेही आलंच. ती नोंद म्हणजे नुसता सरकारी कागद नाही, कुठल्या भागात किती नर गेले, त्यात एक वर्षाचे कोवळे किती आणि मोठे किती, यावरून मागच्या वर्षी पिल्लं किती जगली ते कळतं. एक वर्षाच्या नराला इथे जेक म्हणतात, त्याची दाढी छोटी असते, आणि मिसिसिपीसारखी काही राज्यं प्रौढ शिकाऱ्यांना जेक मारूच देत नाहीत, म्हणजे पुढच्या वर्षी पूर्ण वाढलेले नर उरतात.

साधनांवरचे नियम तर भाच्याला सगळ्यात आवडले. मादीचा आवाज तोंडाने, लाकडी डबी घासून किंवा पाटीवर काडी घासून काढायचा, रेकॉर्ड केलेला आवाज स्पीकरवर लावायला बहुतेक ठिकाणी बंदी. दाणे टाकून बोलवायलाही बऱ्याच राज्यांत बंदी. पूर्वेकडच्या पुष्कळ राज्यांत वसंतात रायफल चालत नाही, फक्त छर्ऱ्यांची शॉटगन किंवा धनुष्यबाण, कारण रायफलची गोळी फार लांब जाते आणि जंगलात दुसरी माणसंही बसलेली असतात. आणि धोका इथेच आहे, विचार करा, शिकारी पायापासून डोक्यापर्यंत पानांच्या रंगात, हालचाल नाही, आणि तो मादीचा आवाज काढतोय, दुसऱ्या शिकाऱ्याला तो आवाज ऐकू येतो आणि झुडपामागे काहीतरी हलतं. असे अपघात झालेत, माणसं जखमी झालीत, मेलीत. म्हणून पेनसिल्व्हेनियात वसंतात टर्कीच्या मागावर दबकत जायलाच मनाई, एका जागी बसून बोलवायचं आणि ती आली तर आली. म्हणूनच कोर्समध्ये पुन्हा पुन्हा सांगतात की लाल, पांढरा, निळा रंग अंगावर नको, मोजे रुमाल सुद्धा नको, कारण ते नराच्या डोक्याचे रंग आहेत, आणि पाठ खांद्यापेक्षा रुंद झाडाला टेकून बसा म्हणजे मागून कुणी चुकून झाडली तर खोड मधे येईल. एप्रिल-मे मध्ये इथे ट्रेलवर चालायला जाणाऱ्या आपल्या लोकांनी भडक केशरी जॅकेट घाला आणि गप्पा मारत चाला, आणि झुडपातून टर्कीचा आवाज आला तर व्हिडिओ काढायला आत घुसू नका.

शरद ऋतूतला सीझन वेगळा, तेव्हा बऱ्याच राज्यांत मादीही चालते, आणि म्हणूनच तो जपून ठेवावा लागतो. हिवाळ्याआधी मारलेली मादी म्हणजे पुढच्या वसंतातलं एक घरटं वजा, निसर्ग ती भरपाई करून देत नाही. त्यामुळे संख्या घसरायला लागली की राज्यं पहिला हात शरदातल्या सीझनला घालतात, कॅन्ससने २०२३ मध्ये तो पूर्ण बंदच केला.

आणि संख्या घसरतेय हे खरं आहे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत देशात ६७ ते ७० लाख टर्की होत्या असा अंदाज, आता तो ६० लाखांच्या आसपास सांगतात. उत्तरेकडे, बॉस्टनच्या उपनगरांत तर त्या रस्त्यावर माणसांच्या अंगावर धावून जातात इतक्या झाल्यात, पण दक्षिणेकडे आणि मध्यभागात उतरण लागलीय. टेनेसीने वसंतातली मर्यादा २०२१ मध्ये माणशी ४ टर्कींऐवजी ३ आणि २०२३ मध्ये २ वर आणली आणि सीझन दोन आठवडे पुढे ढकलला. जॉर्जियाने २०२२ मध्ये ३ चे २ केले आणि सुरुवात आठवडाभर उशिरा केली. अलाबामाने ५ चे ४ केले आणि पहिल्या १० दिवसांत नराला फसवून जवळ आणायला प्लॅस्टिकची नकली टर्की ठेवायला बंदी घातली.

सीझन पुढे ढकलण्यामागचा तर्क जॉर्जिया विद्यापीठाचे माइक चेंबरलेन यांच्यासारखे संशोधक मांडतात. टर्कीच्या थव्यात मानाची उतरंड असते, दादा नर ठरलेले असतात आणि माद्या त्यांनाच निवडतात, सीझन फार लवकर उघडला तर सगळ्यात जास्त ओरडणारा तोच दादा पहिल्या आठवड्यात जातो, माद्या अजून जुगल्याही नसतात, मग नवीन दादा ठरेपर्यंत सगळं लांबतं. तर्क पटतो. पण टेनेसीच्या दक्षिण मध्य भागात माद्यांना ट्रान्समीटर लावून सीझन ढकलण्याआधीची आणि नंतरची वर्षं ताडून बघितली, तर घरटी किंवा पिल्लं काही वाढलेली दिसली नाहीत. म्हणजे नुसती तारीख बदलून भागत नाही. मला वाटतं यात शिकाऱ्यांवर नियम लावणं सरकारला सोपं असतं म्हणून ते आधी होतं, आणि जमिनीचं काम अवघड असतं म्हणून ते मागे राहतं.

कारण खरी मारामारी घरट्यात आणि पहिल्या दोन आठवड्यांत आहे. हिशोब करून बघा. समजा १०० माद्या घरट्यावर बसल्या. दक्षिणेत चारातली तीन घरटी रकून, स्कंक, ऑपोसम असे इथले छोटे प्राणी, शिवाय साप, कावळे यांच्या तोंडी जाणं नवलाचं नाही, म्हणजे २५ घरटी राहिली. प्रत्येकी १० पिल्लं धरली तर २५०. त्यातली बहुसंख्य पहिल्या पंधरवड्यातच जातात, कारण पिल्लांना पहिले १०-१२ दिवस उडता येत नाही, झाडावर चढता येत नाही, मादी त्यांना पंखाखाली घेऊन रात्री जमिनीवरच बसते, आणि एखादी थंड पावसाची रात्र किंवा एक घुबड पुरतं. उरली समजा ७०. म्हणजे एका मादीमागे एक पिल्लूसुद्धा नाही, आणि वर्षभरात मोठ्या माद्याही मरतच असतात. संख्या टिकायला उन्हाळ्याच्या शेवटी मादीमागे साधारण २ पिल्लं दिसायला हवीत असं मानतात.

रकून वाढायचं एक कारण म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांच्या कातड्याचा भाव पडला आणि सापळे लावणारे लोक ते काम सोडून गेले. पण त्याहून मोठं कारण गवत. पिल्लांना सुरुवातीला किडे लागतात, प्रोटीन, आणि किडे मिळतात गुडघाभर उंचीच्या मोकळ्या रानगवतात, जिथे पिल्लू खालून पळू शकतं आणि मादी मान वर करून बघू शकते. कापलेल्या लॉनमध्ये ते नाही आणि गच्च वाढलेल्या पाइनच्या लागवडीखालीही नाही. पूर्वी वणव्यांनी आणि आदिवासी लोकांनी लावलेल्या आगींनी अशी जागा आपोआप तयार व्हायची, आता तेच ठरवून, वारा आणि ओल बघून, माणसं उभी करून हळूहळू जाळत न्यावं लागतं, आणि ते केलं तिथे झुडपं, फुलं, किडे परत येतात. सोलापूरच्या नान्नजला माळढोकांचं काय झालं ते ज्यांनी बघितलंय त्यांना गवताचं मोल वेगळं सांगायला नको, पक्षी वाचवायचा म्हणजे त्याच्या पिल्लांची जमीन वाचवायची.

हे पिल्लांचं मोजमाप मात्र कुणालाही करता येतं, बंदूक लागत नाही, लायसन्स लागत नाही. न्यू जर्सीसकट बरीच राज्यं उन्हाळ्यात लोकांना सांगतात की टर्की दिसल्या तर ऑनलाइन फॉर्म भरा, तारीख, जागा, नर किती, माद्या किती, पिल्लं किती. पिल्लं न दिसलेली मादीही नोंदवायची, ती जास्तच महत्त्वाची, नाहीतर आकडा खोटाच चांगला दिसतो. त्याच आकड्यांवरून पुढे परमिटं किती काढायची याची चर्चा होते. फक्त त्यांना खायला घालू नका, ब्रेड तर नकोच, माणसाची भीती गेली की नर गाड्यांना आणि मुलांना टोचायला येतात आणि शेवटी त्यांनाच हलवावं किंवा मारावं लागतं.

या जुलैत आमच्या मागच्या कुंपणाशी एक मादी आली, मागे ५ पिल्लं, मुठीएवढी, मी फोटो काढून भाच्याला पाठवला आणि फॉर्म भरला. नऊ दिवसांनी पुन्हा आली, तीच असावी, तेव्हा पिल्लं ३ होती आणि खालच्या फांदीवर उडून बसत होती. पुन्हा फॉर्म भरला, मादी १, पिल्लं ३. भाच्याचा मेसेज आला, बाकीची दोन कुठे गेली? मी लिहिलं, रकून असेल, नाहीतर मंगळवारी रात्रभर पाऊस होता तो.